गावच्या वाचनालयात छोट्यांसाठी गोष्टीचा तास सुरू करायचाय? असं करा

महाराष्ट्रात सरकारी अनुदानावर चालणारी सार्वजनिक वाचनालयं अकरा-बारा हजार आहेत, म्हणजे तुमच्या गावात नसलं तरी शेजारच्या गावात एखादं असणारच. आत पेपर वाचणारे आजोबा असतात, स्पर्धा परीक्षेची पोरं असतात, दिवाळी अंक बदलायला येणाऱ्या काकू असतात. नसतं ते फक्त चार-पाच वर्षांचं पोर, कारण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की आधी वाचायला शिक, मग लायब्ररीत ये. मला हे अगदी उलटं वाटतं. वाचायला शिकायच्या आधी दोन-तीन वर्षं ज्या मुलाने पुस्तकं हाताळलीत, मांडीवर बसून गोष्टी ऐकल्यात, त्याला पहिलीत अक्षरं भेटतात तेव्हा ती कशासाठी शिकायची हे माहीत असतं. ज्या घरात पुस्तक नाही त्या मुलाला ही दोन-तीन वर्षं कोण देणार? वाचनालयाने द्यायची. म्हणून वाचता न येणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास कसा सुरू करायचा ते सगळं इथे लिहितेय, ज्यांच्या हातात वाचनालयाची किल्ली आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या हातात नाही पण करायची इच्छा आहे त्यांच्यासाठीही.

पहिलं काम ग्रंथपालांशी बोलायचं. बऱ्याच ठिकाणी ते तुटपुंज्या मानधनावर एकटे सगळं सांभाळत असतात, झाडण्यापासून अनुदानाचे कागद करण्यापर्यंत, त्यामुळे त्यांना आधी मनापासून सांगायचं की तुमच्यावर कामाचं ओझं येणार नाही, दर आठवड्याला दोन माणसं आम्ही आणू. त्यांची खरी भीती वेगळीच असते. पुस्तक फाटलं, हरवलं तर वार्षिक तपासणीत दाखल नोंदवहीत, म्हणजे प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे नोंदवतात त्या वहीत, पुस्तक आहे आणि कपाटात नाही, जबाबदार कोण? म्हणून तर बालविभागाची पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली दिसतात, अगदी नवीकोरी. यावर उपाय म्हणजे कार्यकारी मंडळाच्या मीटिंगमध्ये साधा ठराव करून घ्या, की बालविभागाची पुस्तकं वापरून झिजणार हे मंडळाला मान्य आहे, फाटलेली पुस्तकं दरवर्षी रीतसर बाद करायची आणि मुलांकडून दंड घ्यायचा नाही. हा ठराव लेखी असला की ग्रंथपाल मोकळे होतात आणि कुलूप उघडतं. खरं सांगते, सगळ्या कामात हा एक कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे, बाकीचं नंतर हळूहळू जमतं.

मंडळ कुरकुरलं तर त्यांना वर्गवाढीची, म्हणजे वाचनालयाला वरचा वर्ग आणि जास्त अनुदान मिळण्याची, आठवण करून द्या. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात आणि वरच्या वर्गासाठी बालविभाग लागतोच. पैशासाठी कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, 1972 पासून, त्यांच्या असमान निधी योजनेत, म्हणजे राज्य सरकारने तेवढीच रक्कम घालायची अट नसलेल्या योजनेत, बालविभागासाठी मदत मिळते, अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. वेळ लागतो त्याला. पण त्यासाठी थांबू नका, सुरुवात करायला एक सतरंजी, तीस-चाळीस पुस्तकं आणि एक कोपरा पुरतो.

कोपरा कसा हवा? जमिनीवर. टेबल-खुर्च्या नकोत, चार वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळतात आणि त्याचं सगळं लक्ष त्या पायांकडेच जातं. पुस्तकं कणा दिसेल अशी उभी रचायची नाहीत, ज्याला वाचता येत नाही त्याला कण्यावरचं नाव काय कामाचं, त्याला मुखपृष्ठावरचं चित्र दिसलं पाहिजे. भिंतीला मुलाच्या छातीच्या उंचीवर दोन नायलॉनच्या दोऱ्या बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवा, झाला डिस्प्ले. दोन-तीन आठवड्यांनी पुस्तकं बदलत राहायची, नाहीतर मुलांना ती दिसेनाशी होतात. आणि वाचनालयातला "शांतता राखा"चा बोर्ड त्या तासापुरता तरी विसरा, आजोबांना आधीच सांगून ठेवा की शनिवारी साडेचारला गलका असेल. पहिल्या महिन्यात ते वैतागतात, मग त्यांच्यातलेच एक-दोन सतरंजीच्या कडेला येऊन बसतात, त्यांना येऊ द्या, गोष्टी सांगायला ते उपयोगी पडतात.

वार शनिवार बरा, कारण शाळा सकाळची असते. आठवडी बाजार ज्या दिवशी असेल तो दिवसही चांगला, आई बाजार करेपर्यंत पोरं वाचनालयात, आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची मुलंही त्या दिवशी आलेली असतात. वार एकदा ठरला की बदलायचा नाही, पाऊस असो लग्नसराई असो. तीनच मुलं आली तरी तीन मुलांचा तास घ्यायचा. आजच्याला सुट्टी असं दोनदा झालं की मुलं यायची बंद होतात, मग कितीही व्हॉट्सॲप मेसेज टाका.

आता पुस्तकं. इथे घाई करू नका कारण आपल्याकडे मुलांचं पुस्तक म्हणून काहीही खपवतात. रद्दीच्या भावात मिळणारे गोष्टींचे गठ्ठे, दाटीवाटीचा बारीक टाइप, भडक चित्रं आणि प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य, हे नका घेऊ, फुकट मिळाले तरी नका घेऊ. देणगीत आलेल्या जुन्या गाइडांना तर दारातच नमस्कार करायचा. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, भोपाळचं एकलव्य यांची मराठी चित्रपुस्तकं मागवा, बरीचशी 100 रुपयांच्या आत असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी पुस्तकं मोफत आहेत आणि छापून वाटायचीही परवानगी आहे, फक्त लेखक-चित्रकारांची नावं काढायची नाहीत. तिथे पुस्तकांना चार पातळ्या दिलेल्या असतात, पहिल्या पातळीचं पुस्तक 250 शब्दांच्या आत असतं, सुरुवात तिथून करा. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट वाचता येतात, पण ते जरा मोठ्या मुलांसाठी, आठ-नऊच्या पुढे.

विकत घेताना पुस्तक उघडून तीन गोष्टी बघायच्या. एका पानावर किती ओळी आहेत, छोट्यांसाठी दोन-तीन पुष्कळ झाल्या. चित्रात असं काही आहे का जे मजकुरात लिहिलेलं नाही, कारण मूल तिथेच रमतं. आणि तिसरं कुणी फारसं बघत नाही ते म्हणजे टाइप. अनुवादित पुस्तकं कधी कधी हिंदी वळणाच्या टाइपात छापलेली असतात, त्यातला ल आणि श वेगळा दिसतो. शाळेत मूल पाकळीवाला ल आणि देठवाला श गिरवतं आणि पुस्तकात भलताच आकार येतो, मोठ्यांना काही वाटत नाही पण नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे अडखळतं. दोन पुस्तकांत निवड करायची असेल तर मराठी वळणाचं घ्या.

बरं, आता तास. साडेचारला मुलं येतात ती पुस्तकांवर तुटून पडतात, दहा मिनिटं पडू द्या. उलटं धरतील, पानं भराभर उलटतील, एकमेकांच्या हातातलं ओढतील. उलटं धरलेलं पुस्तक सुलट करून द्यायलाही जाऊ नका, चित्रातलं मांजर डोक्यावर उभं दिसलं की मूल स्वतःच फिरवतं. मग एक ठरलेलं बडबडगीत सुरू करायचं, दर वेळी तेच, म्हणजे आता गोष्ट येणार हे मुलांना कळतं, वेगळं "बसा रे, गप्प बसा" म्हणावं लागत नाही.

गोष्ट वाचताना पुस्तक आपल्या हनुवटीच्या बाजूला, पानं मुलांकडे, आणि मजकूर तुम्हाला जवळजवळ पाठ पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी घरी दोनदा मोठ्याने वाचून या. समजा गोष्टीत कोंबडी आपलं अंडं शोधतेय. आधी मुखपृष्ठ दाखवा आणि थांबा. काही विचारायचं नाही, मोजून चार श्वास थांबा. कुणीतरी म्हणेलच, "कोंबडी रडतेय". "हो? कशावरून?" एवढंच म्हणायचं. मग एकजण चोच दाखवेल, एकजण म्हणेल आमच्याकडची कोंबडी काल मुंगसाने नेली, त्यालाही बोलू द्या, ते विषयांतर नाही, गोष्टीला स्वतःचं आयुष्य जोडणं हीच तर समजून वाचायची सुरुवात आहे. मग नाव वाचा, शब्दांखालून बोट फिरवत. प्रत्येक पानावर बोट नको, गोष्टीची लय जाते, पण नावावर आणि जी ओळ परत परत येते तिच्यावर जरूर फिरवा. पहिल्या गोष्टीतच मुलांना कळतं की तुम्ही बोलताय ते त्या काळ्या रेषांमधून येतंय आणि डावीकडून उजवीकडे येतंय. हे कुणी शिकवत नाही, ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याला आपोआप येतं आणि ज्याच्या घरी नाहीत त्याला पहिलीत गेल्यावर सगळं एकदमच अंगावर येतं.

परत येणारी ओळ दुसऱ्या वेळेला अर्धी सोडा. "माझं अंडं कुठे..." आणि मुलांकडे बघा. "गेलं!" असं सगळे ओरडतील. कोंबडी गोठ्यात डोकावते तिथे पान उलटायच्या आधी "आता काय होईल?" हे एकदाच विचारा, पूर्ण गोष्टीत एकदाच, प्रत्येक पानावर विचारलंत तर गोष्टीची चाचणी परीक्षा होते. गोष्ट संपली की पुस्तक मिटून गप्प बसा. "काय शिकलात?" हे विचारू नका, हात जोडून सांगते. तात्पर्य विचारलं की मुलं मोठ्यांना काय ऐकायचंय ते बोलतात. "परत!" अशी मागणी आली तर परत तीच गोष्ट वाचा, लगेच. दुसऱ्यांदा ऐकताना लहान मुलं जास्त बोलतात, कारण आता पुढचं त्यांना माहीत असतं.

आणि बोलीचं. मूल उत्तर देईल ते घरच्या भाषेत, मालवणीत "माका", अहिराणीत "माले", वस्तीवरची मुलं पावरी नाहीतर गोरबोलीत बोलतील. दुरुस्त करू नका. "मला म्हण" असं एकदा म्हटलंत की ते मूल महिनाभर तोंड उघडत नाही. तुम्ही पुस्तकातली भाषा वाचा, त्याला त्याची बोलू द्या, दोन्ही त्याच्या कानावर पडतायत ना, पुरे. शक्य असेल तर गोष्ट सांगायला त्याच वस्तीवरची एखादी ताई किंवा आजी बोलवा.

गोष्टीनंतर दहा-पंधरा मिनिटं शब्दांचे खेळ. हा वेळ टाइमपास म्हणून बघू नका, वाचनाचा पाया इथेच पडतो. आपल्या लिपीत एकेक अक्षर बोललेल्या तुकड्यासाठी असतं, म्हणून शब्दाचे तुकडे कानाने पाडता येणं आधी आलं पाहिजे, डोळ्याने अक्षर ओळखणं नंतर. छोट्यांसाठी टाळ्या, प्रत्येकाच्या नावाला जितकी अक्षरं तितक्या टाळ्या, स-मी-र, का-वे-री. मग शब्दांच्या भेंड्या, शेवटचं अक्षर धरून पुढचा शब्द. आणि सहा-सात वर्षांच्यांसाठी च ची भाषा, जी आपण सगळेच लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून बोलायचो, "मला पाणी" म्हणजे "चलाम चणीपा". जे मूल हे भराभर बोलू शकतं त्याने डोक्यातल्या डोक्यात शब्द फोडून पुन्हा जोडलेला असतो, आणि ते येत असेल तर वाचन फार लांब नाही.

अक्षरं शिकवायची का? माझं मत स्पष्ट आहे, या तासात फळा, पाटी, बाराखडी काही नको, ते शाळेचं काम आहे आणि शाळा ते करतेय. पण सहा-सात वर्षांचं मूल स्वतःहून वाचायला लागलं आणि अडखळलं तर कुठे अडखळतंय हे आपल्याला कळलं पाहिजे, नाहीतर आपण उगाच त्याला कच्चा म्हणतो. उदाहरणार्थ "पिशवी". पहिली वेलांटी कागदावर प च्या आधी येते पण बोलताना प च्या नंतर, डावीकडून वाचत येणाऱ्या मुलाच्या पुढे आधी वेलांटीच उभी राहते. "गर्दी"मधला रफार तर आणखी अवघड, तो बसतो दी च्या डोक्यावर आणि उच्चार मात्र दी च्या आधी. म्हणून मूल "गदी" वाचतं. ते चुकत नाही, ते जे दिसतंय तेच प्रामाणिकपणे वाचतंय. अशा वेळी "नीट बघ" म्हणायचं नाही, शब्द सहज आपण वाचून द्यायचा आणि गोष्ट पुढे न्यायची. जोडाक्षरं नसलेली किंवा फार कमी असलेली आठ-दहा पुस्तकं वेगळ्या दोरीवर लावून ठेवा, नुकतं वाचू लागलेल्यांसाठी. एक अख्खं पुस्तक स्वतः वाचून संपवलं की त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो, आणि मग ते दिसेल त्याला धरून तेच पुस्तक वाचून दाखवतं, छोट्या भावंडांना, ग्रंथपालांना, झाडायला आलेल्या मावशींना.

घरी पुस्तक द्यायचंच. इथे सगळ्यात जास्त विरोध होतो पण हे केलं नाही तर बाकीचं अर्धं वाया जातं, आठवड्यातला एक तास तो किती. अनामत आणि वर्गणी मुलांसाठी माफ करा किंवा मंडळातल्या कुणीतरी भरा, ज्या घरातून मूल पहिल्यांदा वाचनालयात येतंय तिथे पन्नास रुपयेही अडतात. देवघेवीच्या वहीत मुलाचं नाव तुम्ही लिहा आणि सहीच्या जागी त्याला स्वतःची खूण काढू द्या, कुणी फूल काढतं, कुणी ट्रॅक्टर, आणि पुढच्या आठवड्यात बरोबर आपल्या खुणेवर बोट ठेवतं. फाटून आलं तर रागवायचं नाही, सतरंजीवरच सगळ्यांसमोर चिकटवायला बसायचं. सेलोटेप नको, वर्षाभरात पिवळी पडून पान आणखी तुटतं, पातळ कागदाची पट्टी आणि पाणी घातलेला फेविकॉल बरा. चिकटवायला मुलं मदत करतात आणि ज्याने फाडलं तो सगळ्यात पुढे असतो.

पालकांना मोठं भाषण नको. न्यायला येतात तेव्हा दारात दोन वाक्यं बोला. बऱ्याच आया सांगतात की मला वाचता येत नाही, आमच्या आजी तर अंगठेबहाद्दर. त्यांना सांगा की वाचता यायची गरजच नाही, रात्री पुस्तक उघडा आणि पोरालाच म्हणा "मला सांग काय चाललंय यात". मूल चित्रं बघून ऐकलेली गोष्ट सांगतं, आजी हुंकारा देते, झालं की. आपल्या घरांत गोष्ट ऐकताना हुंकारा द्यायची रीत होतीच. आणि आजीला स्वतःची गोष्ट येत असेल तर तिला एका शनिवारी बोलवा, ती सांगेल तशी तिच्याच शब्दांत लिहून घ्या, कागद दुमडून मध्ये दोरा घाला, चित्रं मुलं काढतील, मुखपृष्ठावर आजीचं नाव. त्याला दाखल क्रमांकही देऊन टाका. ही पुस्तकं चिमट्यावर टिकत नाहीत, सारखी घरी गेलेली असतात.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे पुस्तकं गेली पाहिजेत. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं रोज असतात, तिथल्या ताईंशी बोलून पंधरा-वीस पुस्तकांची कापडी पिशवी महिनाभरासाठी द्या आणि महिन्याने बदला. ऊसतोडीच्या पालांवर, वीटभट्टीवरही अशीच पिशवी नेता येते, फक्त तिथे हंगाम बघून जा, ऊसतोड साधारण दिवाळीनंतर सुरू होते.

माणसं कुठून आणायची? डी.एल.एड. म्हणजे शिक्षक व्हायचं शिक्षण घेणाऱ्या मुली-मुलं, कॉलेजचे एनएसएसवाले, निवृत्त शिक्षक. शिक्षक मंडळी मायाळू असतात पण सवयीने प्रश्न विचारतात आणि फळ्याकडे वळतात, त्यांना सुरुवातीला नुसतं बसून ऐकायला सांगा. तासाला कायम दोन मोठी माणसं हवीत, एकट्या माणसावर मुलं सोडायची नाहीत, कुणीही असो. आणि मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.

स्पर्धा टाळा, ही विनंती. जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवलं की मुलं पातळ पुस्तकं शोधून पानं उलटून परत आणतात. 15 ऑक्टोबरला, म्हणजे कलामांच्या वाढदिवशी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी हार, दीपप्रज्वलन आणि तीन भाषणं होतात आणि मुलं उन्हात बसून राहतात. त्याऐवजी पाहुण्यांनाच सतरंजीवर बसवा आणि एकेक चित्रपुस्तक वाचायला द्या, सरपंच असोत की मुख्याध्यापक. जमलं तर सहल भिलारला न्या, महाबळेश्वरजवळचं पुस्तकांचं गाव, 2017 मध्ये सुरू झालं, तिथे लोकांच्या घरांमध्येच पुस्तकं ठेवलेली आहेत आणि कुणीही जाऊन वाचत बसू शकतं.

हजेरीचे आकडे मंडळाला लागतात, ते द्या. तुमच्यासाठी मात्र एक वेगळी वही ठेवा आणि तास संपल्यावर दोन ओळी लिहा, कुठलं पुस्तक "परत" मागितलं, कुठलं कुणीच उचललं नाही, कोण आज पहिल्यांदा बोललं. सहा महिन्यांनी पुस्तक खरेदीची यादी करायची वेळ येते तेव्हा ग्रंथनिवड समितीपुढे हीच वही ठेवा. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्यातून तीन दिवस करा, ऊन असतं म्हणून सकाळी आठला, कारण तेव्हाच मामाच्या गावाला आलेली पोरं सापडतात. त्यांनाही पुस्तकं द्या, सभासद नसली तरी, जाताना परत करतात.